अब्दुल करीमखाँ : गाणे, शाळा आणि आपण

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. त्याच उरुसात, दर्ग्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली, देशभरातले गवई आणि वादक येऊन हजेरी लावतात. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ या झाडाखाली गात असत. त्यांची कबर याच आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ होणारी ही संगीतसभा अनेक दशके चालत आली आहे. दर्ग्यात दुवा मागायला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. चिंचेखाली बसून रात्र जागवणारे आपल्यातले किती, हा प्रश्न मात्र जरा अवघड आहे. मराठी मुसलमानांनी आपल्या संतकवींची आणि शाहिरांची नावे आता अभिमानाने घ्यायला सुरुवात केली आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपण व्यासपीठावरून सांगतो, बार्शीचे शाहीर अमर शेख आपल्याला आपले वाटतात. अब्दुल करीमखाँ मात्र आपण 'संगीतवाल्यांकडे' सोडून दिले आहेत.

हा लेख लिहायला एक साधे कारण घडले. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचा आवाज शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांनी ऐकला. हिला गाणे शिकवा, असे तिच्या बाईंनी घरी कळवले. वडील रिक्षा चालवतात. त्यांचा विरोध नव्हता. मी शिक्षक आहे म्हणून ते माझ्याकडे आले आणि त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "सर, ये अपने में चलता क्या? और चलता तो सिखाएगा कौन, पैसे कितने लगेंगे?" पहिल्या प्रश्नावर माझ्याकडे बोलण्यासारखे बरेच होते. दुसऱ्यावर काहीच नव्हते. खाँसाहेबांनी मात्र शंभरहून अधिक वर्षांपूर्वी या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले होते, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. ते उत्तर कसे होते, कुठे टिकले आणि कुठे मोडले, याची तपासणी मला करायची आहे. केवळ गौरव करण्याचा हेतू नाही.

एकाच साली जन्मलेले दोघे

अब्दुल करीमखाँ यांचा जन्म १८७२ सालचा, उत्तर प्रदेशातील कैराना या गावचा. गाणे घरात होते. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. तरुण वयात ते बडोदे दरबारी गवई झाले. तिथे सरदार घराण्यातील ताराबाई माने त्यांच्या शिष्या झाल्या आणि पुढे जीवनसाथीही. या संबंधामुळे दरबारची नोकरी सोडून दोघांना बडोद्याबाहेर पडावे लागले. मुंबईमार्गे ते मिरजेला आले. मिरजेत प्लेगने आजारी पडलेल्या खाँसाहेबांना मीरासाहेबांच्या दर्ग्यात आराम पडला, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढे खरे की, दरबार सुटलेल्या या तरुण गवयाला घर दिले ते मिरजेने.

त्याच १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. तेही मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. बाळकृष्णबुवांची गायकी ग्वाल्हेरची, म्हणजे हद्दू खाँ-हस्सू खाँ यांच्या परंपरेतली. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि नंतर ते मुंबईत आणले. अब्दुल करीमखाँ यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले आणि पुढे मुंबईतही शाखा काढली. दोघांपुढे प्रश्न एकच होता. संस्थानिक आता गवयाला पोसणार नाहीत, मग गवयाने जगायचे कोणाच्या जिवावर आणि शिकवायचे कोणाला? दोघांनी उत्तरही एकच दिले : समाजाच्या जिवावर, आणि समाजाला. पण हे उत्तर अमलात आणण्याच्या त्यांच्या वाटा फार वेगळ्या होत्या. माझ्या मते खाँसाहेबांचे खरे मूल्यमापन या फरकातच दडले आहे.

तीन मिनिटांची रचना

शाळेकडे वळण्याआधी गाण्याबद्दल बोलायला हवे, कारण शाळा त्या गाण्यातून निघाली होती. खाँसाहेबांचे आरंभीचे ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले, आणि आज आपण जे ऐकतो ते बहुतेक १९३० च्या दशकाच्या मध्यास ओडियन कंपनीने काढलेल्या तबकड्यांवरचे. झिंझोटीतील 'पिया बिन', भैरवीतील 'जमुना के तीर', वसंतातील 'फगवा ब्रिज देखन को' या तबकड्यांनी महाराष्ट्र आणि कर्नाटक वेडा केला. शाळकरी भीमसेन जोशी गदगेत यातलेच गाणे ऐकून गुरूच्या शोधात घरातून पळाले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे.

आपल्याकडे 'रचनाकार' म्हटले की नवीन चीज बांधणारा, असा अर्थ घेतला जातो. अल्लादियाखाँ या अर्थाने रचनाकार होते. अब्दुल करीमखाँ यांची ख्याती चिजा बांधण्याबद्दल नाही. तरीही मी त्यांना रचनाकार म्हणतो, आणि ते या तबकड्यांच्या आधारावर. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळत. मैफलीत तासभर रंगणारा राग त्या वेळात कसा बसवायचा? पुष्कळ जुन्या गवयांनी घाई केली. ताना भरल्या, चीज पुरी म्हटली आणि तबकडी संपली. खाँसाहेबांनी उलटे केले. त्यांनी वगळले. शब्द कमी केले, स्वर लांबवले, एखाद्या स्वरावर थांबून त्याच्या आजूबाजूची जागा ऐकणाऱ्याला दाखवली. झिंझोटीची ठुमरी ऐकताना ती तीन मिनिटांत उरकली असे कधी वाटत नाही. ती पूर्ण वाटते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय म्हणजेच रचना. त्यांच्या काळात आलेल्या नव्या यंत्राला त्यांनी दिलेले हे उत्तर होते, आणि म्हणून ते त्या काळाचे समकालीन कलावंत ठरतात.

दुसरी गोष्ट निवडीची. या माणसाने ख्याल गायला, ठुमरी गायली, 'मानापमान'मधले नाट्यपद गायले आणि त्यागराजांची खरहरप्रिया रागातली तेलुगू कृतीही तबकडीवर दिली. म्हैसूरच्या दरबारात त्यांचे येणे-जाणे होते. कर्नाटक संगीतातील सरगम त्यांनी आपल्या गायकीत आणली. कैरान्यात जन्मलेला, मिरजेत राहणारा, दक्षिणेकडून शिकणारा आणि पुण्याच्या प्रेक्षकांचे नाट्यपद गाणारा हा मुसलमान गवई भाषा आणि प्रांत यांच्या हद्दी विचारत नव्हता. 'गंगा-जमनी' हा शब्द आपण सभांमधून इतका वापरला आहे की तो गुळगुळीत झाला. या तबकड्या ऐकल्या की त्याला पुन्हा अर्थ येतो.

आता दोष. खाँसाहेबांच्या गाण्यात शब्द अनेकदा विरघळून जातात. चिजेचा अर्थ आणि तिचा बांधा यांच्याकडे त्यांचे लक्ष कमी आहे. लयीशी खेळण्यात त्यांना फार रस नव्हता. आग्रा किंवा जयपूर गायकीच्या रसिकाला ते अपुरे वाटते, आणि त्याची तक्रार चुकीची नाही. सुरावरच्या अपार प्रेमाची ही किंमत आहे. ज्याला एकच गोष्ट इतक्या खोलवर दिसते, त्याला बाकीच्या गोष्टी धूसर दिसतात.

शाळेचे स्वयंपाकघर

आर्य संगीत विद्यालयाची ठेवण घरंदाज तालमीची होती आणि दार मात्र सार्वजनिक होते. मुले खाँसाहेबांच्याच घरी राहत, तिथेच जेवत, तिथेच शिकत. गरिबाच्या मुलाला फी नव्हती. खर्च चालायचा तो खाँसाहेबांच्या मैफलींवर आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केलेल्या तिकिटांच्या जलशांवर. गाण्याला तिकीट लावणे त्या काळी अनेकांना कमीपणाचे वाटे. खाँसाहेबांनी त्याचा सरळ अर्थ घेतला : ज्याला ऐकायचे त्याने थोडे द्यावे, म्हणजे ज्याला शिकायचे त्याला पोटाची चिंता राहणार नाही. बऱ्याच उस्तादांच्या घरी विद्या मुलांना आणि जावयांनाच मिळे. या घरात ती ब्राह्मणाच्या, गुरवाच्या, मराठ्याच्या मुलांना मिळाली. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर त्यांचे आधीचेच शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहेरेबुवा, दशरथबुवा मुळे हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

अलीकडे परदेशातल्या तरुण रचनाकारांच्या परिचयात त्यांच्या सामाजिक संगीतकार्याचाही उल्लेख असतो. अमेरिकेतील भारतीय वंशाच्या रचनाकार रीना इस्माईल (जन्म १९८३) यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य संगीत जोडणाऱ्या त्यांच्या २०१६ च्या एका मोठ्या समूहगानात भारतातील सात धर्मांच्या वचनांवर सात भाग आहेत, आणि शेवटचा भाग इस्लामचा आहे. याच बाईंनी लॉस एंजेलिसमध्ये बेघर लोकांच्या वस्तीत संगीत नेणाऱ्या स्ट्रीट सिंफनी या संस्थेबरोबर काम केले. व्हेनेझुएलात १९७५ साली होझे अंतोनियो आब्रेउ यांनी गरीब मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ उभी केली, ती तर जगभर पोहोचली. हे सारे वाचून आपण प्रभावित होतो. व्हायलाच हवे. पण रचनाकार आणि समाज यांच्यातले हे नाते आपल्याला बाहेरून शिकावे लागते, ही समजूत खरी नाही. ज्या घरात गवयाची बिदागी थेट शिष्यांच्या भाकरीत जाते, त्या घरात हे काम चालूच होते. त्याला वेगळे नाव नव्हते, एवढेच.

तरीही शाळा टिकली नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुरुवातीलाच तिची घडी विस्कटली. का? पैशाची ओढ हे एक कारण आहे, पण ते पुरेसे नाही. पलुसकरांच्या महाविद्यालयावरही कर्ज झाले, मुंबईची इमारत लिलावात गेली, स्वतः पलुसकर नाशिकला जाऊन राहिले. पण त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली अहमदाबादेत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. त्या मंडळाच्या परीक्षा आजही गावोगावी होतात. पलुसकरांकडे स्वरलिपी होती, अभ्यासक्रम होता, परीक्षा होती. माणूस गेला तरी कागद उरला. खाँसाहेबांची शाळा म्हणजे खाँसाहेब. त्यांचा आवाज, त्यांचा दौरा, त्यांचे घर. यातला एक खांब हलला की सगळे छप्पर हलणार होते.

पण हिशेब इथेच मिटवू नये. परीक्षांनी लाखो लोकांना संगीताची ओळख करून दिली, पण थोर गवई क्वचितच दिला. खाँसाहेबांच्या न टिकलेल्या शाळेतून आणि शिष्यशाखेतून पुढे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी आले, रोशनआरा बेगम आल्या. आपल्या भागातल्या मुलांना आज यातले काय हवे आहे? माझ्या मते दोन्ही हवे. पलुसकरांचा कागद आणि खाँसाहेबांचे स्वयंपाकघर.

नावांचा प्रश्न

एका मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेचे नाव 'आर्य' का ठेवले असेल? यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे, ही त्यांची थोर सर्वधर्मसमभावी वृत्ती. दुसरे म्हणजे, ही शरणागती. मला दोन्ही मते अर्धवट वाटतात. पुण्यातल्या मध्यमवर्गीय कुटुंबाने आपला मुलगा एका मुसलमानाच्या घरी राहायला आणि जेवायला पाठवावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. नाव हे दाराबाहेरचे पायपुसणे होते. येणाऱ्याचा संकोच तिथे झटकला जाई. आत आल्यावर मुलगा ज्याच्या पायाशी बसे, तो पाच वेळा नमाज पढणारा माणूस होता. त्याने आपले नाव बदलले नाही आणि दर्ग्याची वाट सोडली नाही.

पण व्यवहार म्हणून स्वीकारलेल्या गोष्टींची किंमत पुढच्या पिढीत वसूल होते. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. कारणे घरातली होती. त्यांची चर्चा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुलांची नावे मात्र महाराष्ट्राला परिचित आहेत. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले. सकीना या सरस्वतीबाई राणे झाल्या. थोरल्या बहिणीला महाराष्ट्र हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखतो. सुरेशबाबूंनी प्रभा अत्रे यांच्यासारखी शिष्या घडवली. हिराबाईंनी स्त्रियांच्या गाण्याला सभागृहातील तिकीट लावलेल्या मैफलीची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुण्यात मुलींना शिकवले. वडिलांचे काम मुलांनी पुढे नेले. वडिलांचे नाव त्यांच्या नावापाशी राहिले नाही. मुलांना दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. त्या काळच्या महाराष्ट्रात रंगमंचावर आणि मैफलीत उभे राहायचे, तर आईचे आडनाव लावणे त्यांना सोयीचे गेले असेल. प्रश्न त्या समाजाला विचारायचा आहे, ज्याला गाणे हवे होते आणि 'अब्दुल रहमान' हे नाव जड जात होते.

लिहिले कोणी?

खाँसाहेबांचे सर्वांत मोठे मराठी चरित्र १९७२ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिले त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी. ग्रंथ भला मोठा आहे. भक्ताने लिहिलेल्या चरित्राचे गुण आणि दोष दोन्ही त्यात आहेत : तपशिलाची श्रीमंती आहे, चिकित्सा कमी आहे. तरी हा ग्रंथ नसता तर आज आपल्या हाती दंतकथाच उरल्या असत्या. अल्लादियाखाँ यांचे मराठी चरित्र गोविंदराव टेंबे यांनी लिहिले. अल्लादियाखाँ यांनी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या आठवणी २००० साली इंग्रजीत कलकत्त्याहून आल्या. जानकी बखले यांचा 'टू मेन अँड म्युझिक' हा २००५ सालचा इंग्रजी ग्रंथ भातखंडे आणि पलुसकर यांच्यावर आहे. पण त्याचा शेवट अब्दुल करीमखाँ यांच्याकडे वळतो. आधुनिक व्हायला उस्तादांना या दोघांच्या वाटेनेच जावे लागले असते असे नाही, हा विचार त्यातून पुढे येतो, आणि तो मला पटतो. भातखंडे यांनी उस्तादांकडून हजारो चिजा गोळा केल्या, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण उस्तादांकडे विद्या आहे, शास्त्र नाही, हा समजही त्यांच्या लिखाणामुळे पक्का झाला. त्याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्स यांच्याबरोबर अब्दुल करीमखाँ श्रुतींच्या प्रयोगांत भाग घेत होते. देवल-क्लेमंट्स यांचे निष्कर्ष १९१६ च्या बडोदे परिषदेत टिकले नाहीत, ते वेगळे. पण 'उस्तादाला शास्त्राशी देणेघेणे नसते' हे खाँसाहेबांच्या बाबतीत तरी खोटे आहे.

या यादीत आपण कुठे आहोत? मराठी मुसलमान लेखकांनी गेल्या काही दशकांत कथा, कविता, आत्मकथने लिहिली. तलाकपीडितांचे, कारागिरांचे, झोपडपट्टीचे दुःख मराठीत आणले. मुस्लिम मराठी साहित्य संमेलने भरली. पण महाराष्ट्राला गाणे शिकवणाऱ्या उस्तादांवर मराठीत लिहिणारे जवळपास सारे त्यांचे बिगरमुस्लिम शिष्य आणि अभ्यासक. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण आपल्या मौनाचा जाब त्यांना विचारता येणार नाही. हीच गोष्ट मिरजेच्या वाद्यकारांची. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झालेल्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांना धार लावणारे हात तंबोऱ्याला जवारी लावण्याकडे वळवले. पंढरपूर परिसरातला भोपळा मिरजेत येतो, आणि तिथून तंबोरा होऊन साऱ्या देशात जातो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. यावर एक चांगली मराठी कादंबरी आपल्यातल्या कोणी का लिहू नये?

आमच्या गावापुरते

आमच्या छत्रपती संभाजीनगरचा, जुन्या सवयीने औरंगाबादचा, विचार केला की हे मौन जास्तच खटकते. दौलताबादचा किल्ला इथून जवळच. तो देवगिरी होता तेव्हा, तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे घराणे काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्या ग्रंथात 'तुरुष्क तोडी' आणि 'तुरुष्क गौड' अशी रागनामे आहेत. अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली ती १२९६ साली, म्हणजे त्यानंतर. फौजा यायच्या आधी सूर येऊन पोहोचले होते, असा याचा अर्थ मी लावतो. इथल्या एका विद्यापरिसरातील महागामी गुरुकुल शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह भरवते, ही समाधानाची गोष्ट आहे.

दौलताबादच्या पुढे खुलताबाद. तिथे विसावलेले हजरत बुरहानुद्दीन गरीब (निधन १३३७) हे निजामुद्दीन औलियांचे खलिफा. समा म्हणजे ईश्वरस्मरणासाठी गाणे ऐकणे, याचे त्यांना किती वेड होते, हे त्यांच्या मुरिदांनी लिहून ठेवलेल्या मलफुजातीतून दिसते. समाला अदब हवी, नियत साफ हवी, हेही त्यातच आहे. इमाम गझालींनी आपल्या 'इहया'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते मी इथे मिटवणार नाही. तेवढा माझा अधिकारही नाही. पण "ये अपने में चलता क्या" असे विचारणाऱ्या बापाला हे सांगण्याचा अधिकार मला आहे की, चिश्ती बुजुर्गांच्या घरी हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी विचारला गेला आणि तिथे गाणे बंद झाले नाही.

आपल्या मराठवाड्याची अडचण वेगळीही आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. पुण्या-मुंबईत विद्यालयांची जी लाट आली ती इकडे उशिरा पोहोचली. नांदेड-औरंगाबादेत पं. नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांच्यासारख्यांनी आयुष्य घालून शास्त्रीय गाणे रुजवले. त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे आज या शहरात शिकवणारे आहेत, वर्ग आहेत, परीक्षेची केंद्रे आहेत. पण ती ज्या वस्त्यांत आहेत तिथून आमचा मोहल्ला लांब आहे. अंतर रिक्षाने वीस मिनिटांचे. त्याहून मोठे अंतर मनातले, आणि ते दोन्हीकडून आहे. मुलीला तिकडे पाठवताना आपल्याला संकोच. तिचे नाव ऐकून तिकडच्या काहींना नवल.

खाँसाहेबांपुढे याच अंतराचा प्रश्न उलट दिशेने होता. इतरांची मुले त्यांना आपल्या घरी आणायची होती. त्यांनी दार उघडे ठेवले, नाव बाहेरच्याला सोसवेल असे ठेवले, चूल पेटती ठेवली आणि आपली नमाज चुकवली नाही. आज आपली मुले दुसऱ्या कोणाच्या दारात पाठवायची आहेत, किंवा आपल्याच मोहल्ल्यात दार उघडायचे आहे. एखाद्या अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत, आठवड्यातून दोन दिवस, एक तंबोरा आणि एक शिकवणारा. तो शिकवणारा कोणत्या धर्माचा असेल याला महत्त्व नाही. खाँसाहेबांच्या शिष्याचा शिष्य असला तर विद्या आपल्या घरी परत आली, एवढेच. पैसे कोण देईल? ज्याला ऐकायचे त्याने द्यावे. हिशेब जुनाच आहे. फरक इतकाच की या वेळी कागदही नीट ठेवावा लागेल, म्हणजे एका माणसाच्या जाण्याने खोलीला कुलूप लागणार नाही.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी अब्दुल करीमखाँ पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत प्रकृती बिघडली म्हणून चेंगलपट्टूजवळ सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला, नमाज पढली, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरात अल्लाचे स्मरण करीत प्राण सोडला, असे त्यांचे सोबती सांगत. नमाज आणि दरबारी यांत त्यांना शेवटच्या घटकेलाही विरोध वाटला नाही. त्यांचा देह मिरजेला आणला गेला.

मुलीच्या वडिलांना मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही. पहिल्या प्रश्नाचे दिले आहे, आणि त्यांना ते पटले. दुसऱ्यासाठी खोली शोधतो आहे.